वडिलांच्या पायाला सूज आहे, हवेची मशीन लावावी काय? आधी काय तपासून घ्यावं?

कापूसतूर

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे. वावरात धुऱ्यावरून पडले, डावा खुबा मोडला, रॉड टाकून ऑपरेशन झालं. त्याला आता सहावा आठवडा. वॉकर धरून अंगणापर्यंत जातात, बाकी दिवसभर बाजेवरच. डाव्या पायाला घोट्यापासून पिंडरीपर्यंत सूज आहे, संध्याकाळी जास्त वाटते. शुगर जुनी आहे, बीपीसाठी अमलोडिपिन १० चालू आहे. रक्त पातळ करायची गोळी पाच आठवडे लिहून दिली होती, ती मागच्या आठवड्यात संपली.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी एक जण पायाच्या मशीनचं शिबिर लावतो. त्याच्याजवळ दोन प्रकार आहेत. एक म्हणजे मांडीपर्यंतचे लांब बूट, हवा भरून आळीपाळीनं आवळतात. दुसरी तळपायाखाली ठेवायची, तिच्यातून बारीक करंट येतो. पहिले पाच दिवस फुकट, मग हप्त्यानं विकत. तो म्हणतो, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशननंतर हीच लावतात, पायात रक्ताची गाठ होऊ देत नाही. बाबाही मागे लागले आहेत. लावायच्या आधी काय काय तपासायला पाहिजे? घरच्या घरी काय पाहता येईल? तालुका दीड तासावर आहे, म्हणून नेमकं विचारून निघायचं आहे.

नागपुरी_फिजिओ

भाऊ, सध्या बाबांना शिबिरात नेऊच नका. मशीन वाईट आहे असं नाही. पण एकाच पायाला सूज, खुब्याचं ऑपरेशन, दिवसभर पडून राहणं आणि रक्त पातळ करायची गोळी नुकतीच संपलेली, एवढं एकत्र आलं की पहिला संशय खोल शिरेत रक्ताची गाठ झाल्याचा घ्यायचा. डॉक्टर याला डीव्हीटी म्हणतात. गोळी साधारण ३५ दिवसांपर्यंत देतात, पण धोका त्या दिवशी संपत नाही. मोठ्या ऑपरेशननंतरचे पहिले १२ आठवडे जोखमीचेच धरतात.

तो विक्रेता बोलतो ते अर्धं खरं आहे. हवेचे बूट दवाखान्यात लावतात, आणि गाठ होऊ नये म्हणूनच लावतात. पण तिथं ते ऑपरेशनच्या आसपासच सुरू होतात, गाठ धरायच्या आधी. मधे काही आठवडे गेले, पाय सुजला आणि मग बूट चढवले तर हिशोब उलटा होतो. शिरेत गाठ असेल तर बूट खालून वर दाबत जातो, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. अशा वेळी माणूस मिनिटांत जातो. हाच नियम तेल लावून पिंडरी चोळण्यालाही लागू आहे. घरात कोणी रोज मालिश करत असेल तर आजपासून बंद.

घरी एवढं पाहा. शिलाईचा टेप घ्या. बाबांना पाय लांब करून बसवा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर एक उंचवटा हाताला लागतो, त्याच्यापासून १० सेंटिमीटर खाली पेनानं खूण करा आणि तिथं पिंडरीचा घेर मोजा. टेप नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. दुसऱ्या पायाला तंतोतंत तसंच. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त निघाला तर ती गंभीर खूण. सोबत पाहा: पिंडरीत आतल्या बाजूनं दाबल्यावर दुखतं का, तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, लालसर किंवा निळसर झाला का, कातडीवर नव्या शिरा फुगून दिसतात का. पंजा वर ओढून पिंडरी दुखते का ही जुनी युक्ती सगळे सांगतात, पण तिच्या भरवशावर राहू नका. गाठ असून दुखत नाही आणि नसूनही दुखतं.

फरक कमी निघाला म्हणजे सुटलो असंही नाही. ऑपरेशनच्या पायाला तशीही काही आठवडे सूज राहते, म्हणून नुसतं पाहून ठरत नाही. पायाच्या शिरांचं डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, हीच खरी तपासणी. डी-डायमर नावाची रक्ततपासणी आहे, पण ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेली येते, तिच्यावर पैसे घालू नका.

उपकेंद्रावरची

वरच्या उत्तराला माझं अनुमोदन. शुगरचा माणूस आहे म्हणून आणखी थोडं.

पायाला जाण आहे की नाही हे आधी पाहा. बाबांना डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकानं त्यांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अगदी हलकं टेकवा, एक-दोन सेकंद. दाबू नका, गुदगुल्या करू नका. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं होतात. दोन किंवा जास्त ठिकाणी त्यांना कळलं नाही तर पायाची जाण गेली असं धरून चालायचं. अशा पायाला हवा जास्त भरली, पट्टा रुतला, की माणूस 'हो, बरं वाटते' म्हणत बसतो आणि संध्याकाळी फोड दिसतो. गरम करायची सोय असलेली मशीन अशा पायाला अजिबात नको. भाजल्याचं कळतच नाही. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवणंही त्यातच आलं.

मग रक्तपुरवठा. पंजाच्या वर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत एक नाडी लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. वरची नाडी काही लोकांना जन्मतःच लागत नाही, म्हणून घोट्यामागची पाहायलाच पाहिजे. दोन्ही लागत नसतील, पंजा गार असेल, नडगीवरचे केस गेले असतील, चालताना पिंडरीत गोळा येऊन थांबावं लागत असेल, किंवा रात्री पाय बाजेखाली लोंबकळत सोडल्यावरच दुखणं कमी होत असेल, तर धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्या. बिडी ओढणाऱ्यांत हे फार दिसतं. आधीच रक्त कमी पोचतंय अशा पायाला वरून आवळलं तर बोटं काळी पडायला वेळ लागत नाही. दवाखान्यात घोट्याचा आणि दंडाचा बीपी घेऊन दोन्हीचं प्रमाण काढतात. ०.९ च्या खाली आलं तर अडथळा आहे, ०.५ च्या आसपास असेल तर हवेची मशीन नाहीच. शुगरवाल्यांत धमनीची भिंत कडक होते, म्हणून आकडा कधी १.४ च्या वर येतो. त्याला चांगला समजू नका, तो फसवा असतो.

शिवाय बोटांच्या बेचक्या पाहा, टाचेच्या भेगा पाहा. तुरीचं धसकट नाहीतर काटा लागून आत राहिलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. उघडी जखम, पू, लाल गरम कातडी, ताप, यांपैकी काहीही असेल तर आधी त्याचा इलाज.

कापूसतूर

मोजलं. डावी ३६.५, उजवी ३३. पिंडरी दाबली की 'अबे हळू' म्हणतात. गरमही थोडी लागते. ताप नाही, दम नाही. नाडी दोन्ही पायांना लागली. सहापैकी तीन ठिकाणी कळलं नाही.

नागपुरी_फिजिओ

साडेतीन सेंटिमीटर आणि दाबल्यावर दुखतं. आजच निघा, सोमवारची वाट पाहू नका. आधी फोन करून डॉपलर किती वाजेपर्यंत करतात ते विचारा. तालुक्यात फक्त पोटाची सोनोग्राफी होत असेल तर थेट जिल्ह्याला जा, दोन चकरा कशाला. शासकीय मेडिकल, सेवाग्राम, सावंगी, जे जवळ पडेल ते.

सोबत घ्या: डिस्चार्ज कार्ड, चालू आणि बंद झालेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आणि किडनीचा म्हणजे क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट असेल तर तो. गाठ निघाली तर रक्त पातळ करायचं औषध सुरू होईल आणि काही औषधांचा डोस किडनीवर ठरतो. शिल्लक राहिलेल्या गोळ्या घरूनच देऊ नका, ॲस्पिरिन तर नकोच, ती यावरचा इलाज नाही.

गाडीत पाय शक्य तेवढा आडवा ठेवा. वाटेत किंवा घरी अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा घेरी आली तर १०८ ला फोन. गाडी कुठवर आली हे विचारत बसण्यापेक्षा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठणं लवकर होत असेल तर तसं करा.

कापूसतूर

निघतो. एक शंका. गाठ नाही निघाली तर मशीन लावता येते काय? आणि निघाली तर कधी?

नागपुरी_फिजिओ

निघाली तर इतक्यात नाही. औषध सुरू झाल्यावर चालायला बहुतेक वेळा हरकत नसते, बूट मात्र डॉक्टर लेखी 'लावा' म्हणेपर्यंत बंद.

नाही निघाली तर सूज कशाची ते शोधायचं. ऑपरेशनची असेल, दिवसभर पाय खाली सोडून बसण्याची असेल. अमलोडिपिननंही घोटे सुजतात, विशेषतः १० च्या डोसला. ती सूज दोन्ही पायांना असते आणि कोणत्याच मशीननं जात नाही, गोळी बदलल्यावर जाते. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला तेवढं विचारा. दोन्ही पाय सुजून उताणं झोपल्यावर दम लागत असेल, रात्री दचकून उठून बसावं लागत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो चढलं असेल, तर हृदय पाहून घ्या. कमजोर हृदयावर पायातलं पाणी एकदम वर ढकललं तर ते फुप्फुसात उतरतं. लघवी कमी असेल, तोंडावर सूज असेल तर किडनी.

हे सगळं स्वच्छ निघालं तर लावा, पण तुमच्या बाबांची जाण गेलेली आहे म्हणून सावकाश. पहिल्या दिवशी ३० मिलिमीटर दाब (बीपी मोजतात तेच पाऱ्याचे मिलिमीटर) आणि २० मिनिटं. त्वचा ठीक राहिली तर वेळ वाढवा, दाब ४०च्या पुढे विचारल्याशिवाय नेऊ नका. बुटाचा दाब बीपीच्या खालच्या आकड्यापेक्षा नेहमी बराच कमी पाहिजे. पायात काळा दोरा, पैंजण, जोडवी असेल तर काढा. पाय फुगवट्यात जातो तेव्हा दोरा सुतळीसारखा रुततो आणि ज्याला जाण नाही तो बोलत नाही. आत शिवण नसलेला पातळ सुती मोजा घाला, त्याची घडी पडू देऊ नका. आधी लघवीला जाऊन यायला सांगा.

बुटाची कड किंवा नळीचा जोड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली जे गोल हाड लागतं त्याच्यावर येऊ देऊ नका. तिथून एक नस अगदी कातडीखालून जाते. ती दबली की पंजा वर उचलत नाही, चालताना चप्पल फरफटते. बारीक माणसाच्या पायात हे लवकर होतं. पायाला मुंग्या आल्या, बोटं पांढरी किंवा निळी पडली तर तिथंच थांबवा. बूट काढल्यावर ओळी उमटतात, त्या थोड्या वेळात जायला पाहिजेत. अर्ध्या तासानंतरही लाल पट्टा तसाच असेल तर दाब जास्त झाला.

आणि खरं सांगू का, तुमच्या बाबांना मशीनपेक्षा फुकटातला व्यायाम जास्त कामाचा आहे. जागेपणी दर तासाला दोन्ही पंजे २०-३० वेळा वर-खाली, पूर्ण. पिंडरीचा स्नायू हाच शिरांचा पंप आहे. बाजेच्या पायथ्याकडचे दोन्ही पाय विटांवर ठेवून तेवढी बाजू उंच करा म्हणजे अख्खा पाय छातीपेक्षा वर राहतो. नुसती गुडघ्याखाली उशी देऊ नका, त्यानं गुडघा वाकडाच राहतो. दिवसातून चार-पाच वेळा वॉकरनं चालवा, पायावर किती वजन द्यायचं ते ऑपरेशनवाल्या डॉक्टरनं सांगितलं तेवढंच.

मोर्शीकर

करंटवाल्या मशीनबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्या गल्लीत तीन घरी आहे.

उपकेंद्रावरची

पेसमेकर किंवा छातीत झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर नाही. पोटात बाळ असेल तर नाही. फीटचा आजार असेल, कॅन्सरचा इलाज चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. पायात गाठ असल्याचा संशय असेल तर हीसुद्धा नाही, कारण स्नायू झटक्यानं आवळतो.

शिबिरात जोर वाढवताना 'जेवढं सहन होते तेवढं' असं सांगतात. शुगरच्या पायाला हे सूत्र चालत नाही. त्याला कळायला लागेपर्यंत जोर फार पुढे गेलेला असतो. पिंडरी हलकी फडफडताना डोळ्यांना दिसली की तिथंच थांबायचं. भेगाळलेली टाच पट्टीवर सगळीकडून टेकत नाही, मग करंट एका जागी गोळा होऊन चटके देतो. रॉड किंवा प्लेट टाकलेली असेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला विचारून मगच. आणि करंटनं 'शुगरच्या मेलेल्या नसा जिवंत होतात' असं कोणी सांगत असेल तर त्याच्याजवळून काहीच घेऊ नका.

बायोमेडिकल_वर्धा

यंत्राच्या बाजूनं बोलतो, कारण अर्धे घोळ तिथं होतात.

शिबिरातला बूट सकाळपासून वीस-पंचवीस पायांत गेलेला असतो. आत अस्तर पुसता येण्यासारखं आहे का पाहा, प्रत्येक माणसानंतर पुसतात का पाहा. उन्हाळ्यात घामानं ओला झालेला बूट म्हणजे नायट्याचं घर.

स्वस्त मशीनवर 'कमी, मध्यम, जास्त' एवढंच लिहिलेलं असतं. मध्यम म्हणजे किती मिलिमीटर? विक्रेत्याला विचारा, सांगता आलं नाही तर घेऊ नका. दाबाचा आकडा छापलेला, चार किंवा जास्त कप्प्यांचा, पंजाकडून मांडीकडे क्रमानं फुगणारा पाहिजे. नळ्यांचे जोड उलटे लागले तर वरचा कप्पा आधी फुगतो आणि खाली पाणी कोंडतं. पहिल्यांदा पाय न घालता चालवून क्रम डोळ्यांनी पाहून घ्या.

आपल्याकडे लाईन कधीही जाते. काही मशीनमध्ये वीज गेली की हवा आपोआप सुटते, काहींत बूट फुगलेलाच राहतो. घेण्याआधी बूट फुगलेला असताना प्लग काढून पाहा. हवा राहिली तर नळी ओढून किंवा चेन उघडून कशी सोडायची हे पेशंटला आणि घरातल्या बाईमाणसाला दोघांनाही शिकवा. मशीन लावून घरचे वावरात निघून जातात, असं करू नका.

तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासा. सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. करंटवाली मशीन शक्यतो सेलवर चालणारी घ्या, आणि चार्जिंगला लावलेली असताना वापरू नका. बिलावर कंपनीचं नाव, मशीनचा नंबर, परवाना क्रमांक लिहून घ्या. पक्कं बिल देत नसेल तर तो पुढच्या बाजारी दिसेलच असं नाही.

गडचिरोलीकर

आपल्या भागात दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात, त्या राहिल्या.

एक हत्तीरोग. जुनी, कडक, अंगठ्यानं दाबून खड्डा न पडणारी सूज असेल तर हवेच्या बुटाचा फायदा थोडा होतो, पण थंडी-ताप येऊन पाय लाल झाला असेल त्या दिवसांत बूट नाही. तो जंतुसंसर्गाचा झटका असतो. आधी मलेरिया विभागाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपचार, रोज साबणानं पाय धुणं, बेचक्या कोरड्या करणं. आणखी एक गोष्ट लाजेनं कोणी विचारत नाही: पायातलं पाणी वर ढकललं की ते जांघेत आणि अंडकोशात जमा होऊ शकतं. आधीच हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात पाणी साचलेलं असेल तर सांगा. बूट लावायला लागल्यावर जांघ जड वाटली, तिथं सूज दिसली तर बंद करा.

दुसरं सिकलसेल. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे नुसता वाहक नाही तर प्रत्यक्ष आजार असलेल्या माणसाला शिरेत गाठ होण्याचा धोका मुळातच जास्त, घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात, खुब्याचं हाडही खराब होतं. त्याच्या पायाच्या सुजेला कोणतीही मशीन तपासणीशिवाय नको. सुजेवर बर्फ ठेवायची सवय आहे लोकांना, सिकलसेलमध्ये तेही नको, थंडीनं दुखण्याचा झटका येतो. सिकलसेलचं कार्ड असेल तर फिजिओला पहिल्यांदा तेच दाखवा.

मोर्शीकर

जाता जाता. काकूचा गुडघा बदलला आहे, गुडघा आपोआप वाकवणारी मशीन भाड्यानं आणली आहे. त्याला काय पाहायचं?

नागपुरी_फिजिओ

तिला सीपीएम म्हणतात. पिंडरी दुखते का, घेर वाढला का, हे तिथंही आधी. टाक्यांतून पाणी किंवा रक्त येत असेल तर चालू करू नका, सर्जनला फोटो पाठवा.

मशीनचा सांधा आणि काकूंच्या गुडघ्याचा सांधा एका रेषेत यायला पाहिजे, सगळ्यात जास्त चूक इथं होते. मांडीची लांबी मोजून दांडी तेवढी सरकवा, मग स्क्रू घट्ट करा. सांधा वर-खाली झाला तर गुडघा वाकताना पाय सरकतो, टाच घासते आणि टाके ताणले जातात. बोटं सरळ छताकडे पाहिजेत. पाय बाहेर कलला की गुडघ्याची बाहेरची बाजू दांडीवर टेकते, वर सांगितलेली पंजा उचलणारी नस तिथं दबते. सुरुवात साधारण ० ते ३०-४० अंश, वेग सगळ्यात कमी, रोज ५ ते १० अंश वाढ, सर्जननं सांगितलेल्या मर्यादेत. बंद करायचं बटण काकूंच्या हातात, बाजूच्या खुर्चीवर नाही.

फार दिवस भाडं भरू नका. या मशीननं स्वतःच्या व्यायामापेक्षा ठळक जास्त फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. काकू स्वतः गुडघा सरळ दाबून धरतात का आणि टाच मागे ओढून वाकवतात का, ते रोज मोजा.